फझी लॉजिकनं धोक्याचा आकडा अचूक येतो का? प्रेस शॉपच्या अनुभवातून उत्तर

तुम्ही लिहिलंय की चाकणमधल्या एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या विभागाला, सेफ्टी ऑफिसर म्हणून लागून वर्ष झालं, हिरा शीटमधे, म्हणजे धोके ओळखून त्यांना मार्क द्यायच्या तक्त्यात, ८४ ओळी आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळींसमोर १२ हाच आकडा आहे, ऑडिटरनं विचारलं की मग आधी काय हातात घेणार तर सांगता आलं नाही, आणि आता मॅनेजर म्हणतायत फझी लॉजिक वापर म्हणजे अचूक आकडा येईल. तर अचूक येतो का, मॅटलॅब हे गणिताचं विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का, आणि ऑडिटरला चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी प्रेस शॉप आणि फोर्जिंग धरून बावीस वर्षं सेफ्टीचं काम करतोय, त्यातली शेवटची सात-आठ वर्षं फझी पद्धत वापरतोय. उलट्या क्रमानं सांगतो. ऑडिटरला चालतं. आयएसओ ४५००१ या सेफ्टीच्या आंतरराष्ट्रीय मानकामधे ५ बाय ५ चाच तक्ता, म्हणजे शक्यता आणि गंभीरतेला १ ते ५ मार्क देऊन त्यांचा गुणाकार करायचा तक्ता, वापरा असं कुठंही लिहिलेलं नाही, तुमची पद्धत आणि निकष ठरलेले असावेत आणि ते लिहून ठेवलेले असावेत एवढंच मागतात. मॅटलॅब लागत नाही, एक्सेल पुरतं, खाली करूनच दाखवतो. अचूक आकडा मात्र येत नाही हो. आकडा कुठून आला, कोणाच्या सांगण्यावरून आला हे दिसायला लागतं, आणि तुमचं जे अडलंय ते तिथंच अडलंय असं मला वाटतं.

आधी त्या १२ चं बघू. ५ बाय ५ मधे घरं २५, पण गुणाकार केल्यावर वेगवेगळे आकडे निघतात फक्त १४. त्यात माणसं टोकाचे मार्क देत नाहीत, १ दिला तर ऑडिटर विचारतो, ५ दिला तर प्लँट हेड विचारतात, म्हणून सगळे ३ आणि ४ मधेच फिरत राहतात आणि ३ गुणिले ४ करा नाहीतर ४ गुणिले ३ करा, उत्तर १२. पत्र्याच्या काठानं हात कापणं तुमच्याकडं रोजचं असणार, त्याला शक्यता ४ आणि गंभीरता ३ दिली असेल. डायमधे, म्हणजे प्रेसच्या साच्यात, बोट सापडणं, शक्यता ३ आणि गंभीरता ४. एकात माणूस ड्रेसिंग करून अर्ध्या तासात परत मशीनवर येतो, दुसऱ्यात बोट जातं, आणि शीटवर दोन्ही शेजारी शेजारी १२ म्हणून बसलेत. २००८ मधे टोनी कॉक्स यांनी रिस्क ॲनालिसिस या जर्नलमधे गणितानं दाखवलं होतं की अशा तक्त्यांत लहान धोक्याला मोठ्या धोक्यापेक्षा वरचा दर्जा मिळू शकतो. म्हणजे दोष एकट्या तुमचा नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो ३ कोणी दिला? बहुतेक तुम्हीच, कॅबिनमधे बसून, मागच्या वर्षीची शीट समोर ठेवून. मीही अनेक वर्षं तसंच केलंय म्हणून सांगतोय. भोसरीतल्या एका कंपनीत मी एका पॉवर प्रेसला 'मध्यम' लिहून पुढं गेलो होतो आणि पावसाळ्यात नाईट शिफ्टला त्याच प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली. २३ वर्षांचा होता, ठेकेदाराकडून आलेला. नंतर मी लाईनवर विचारत फिरलो तेव्हा कळलं की त्या डायमधे पीस अडकतो आणि हातानं काढावा लागतो हे त्या लाईनवरच्या प्रत्येकाला माहिती होतं. माझ्या शीटला माहिती नव्हतं.

आता फझी म्हणजे काय ते. लोत्फी झादे यांनी १९६५ मधे फझी सेटचा पेपर लिहिला, कल्पना साधी होती की एखादी गोष्ट गटात आहे किंवा नाही असं दोनच न ठेवता, ती किती प्रमाणात आहे हे ० ते १ मधे सांगायचं. त्यानंतर लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमधे मामदानी आणि त्यांचा विद्यार्थी असिलियन यांनी एक छोटं वाफेचं इंजिन या पद्धतीनं चालवून दाखवलं, १९७५ मधे त्यांचा पेपर आला. त्यात समीकरणं नव्हती, 'दाब जरा जास्त असेल आणि हळूहळू वाढत असेल तर उष्णता थोडी कमी कर' अशा धाटणीचे नियम होते, म्हणजे अनुभवी ऑपरेटर जसं बोलतो तसेच. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या शॉपमधे धोक्याची सगळी माहिती अशाच शब्दांत पडलेली असते. क्वचित, कधीतरी, सारखं, जरा, बऱ्यापैकी. आपण त्यावर ३ चा शिक्का मारतो आणि शब्दातलं सगळं सांडून जातं.

त्या अपघातानंतर मी पहिल्यांदा हे केलं ते असं. लाईनवर पाच जणांना एकेक कोरा कागद दिला, एकमेकांचं बघायचं नाही असं सांगितलं आणि एकच प्रश्न विचारला, शिफ्टमधे किती वेळा हात डायच्या आत गेला म्हणजे तुम्ही 'कधीतरी जातो' म्हणाल? सुपरवायझरनं लिहिलं २. डाय बसवणाऱ्या सेटरनं लिहिलं ४. जुन्या ऑपरेटरनं लिहिलं ७ किंवा ८. हेल्परनं कागद कोराच ठेवला, मी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "साहेब, मोजलं नाय कधी, तेल कमी पडलं की पीस चिकटतो मग दर दहा-बारा पीसला घालावाच लागतो." आणि टूलरूमच्या काकांनी कागद परत केला आणि म्हणाले, "एकदा पण जायला नको, तुम्ही कधीतरी कशाला विचारताय?"

एकाच शब्दाचे पाच अर्थ. ५ बाय ५ मधे मी यांची सरासरी काढून ३ लिहिला असता आणि सगळ्यांनी सह्या केल्या असत्या. फझीमधे हा मतभेदच कामाला येतो, कारण २ पासून ८ पर्यंतचा जो पसारा आहे तीच 'कधीतरी' या शब्दाची रुंदी होते. २ ला 'कधीतरी' ० प्रमाणात, ५ ला पूर्ण १, ८ ला परत ०, असा त्रिकोण. 'क्वचित' हा २ पर्यंत पूर्ण १ आणि ५ ला जाऊन ०. 'सारखा' ५ ला ० पासून चढत ८ ला १. गंभीरतेला ० ते १० मार्क धरून तसेच तीन शब्द घ्या, किरकोळ, मध्यम, गंभीर, सोपं जावं म्हणून आकडेही तेच ठेवू.

समजा हात शिफ्टला ४ वेळा जातो आणि गंभीरता ७ आहे. मग ४ हा 'क्वचित'मधे ०.३३ आणि 'कधीतरी'मधे ०.६७ बसतो. ७ हा 'मध्यम'मधे ०.३३ आणि 'गंभीर'मधे ०.६७. इथं एक खुलासा करतो कारण ट्रेनिंगमधे दर वेळी हा गोंधळ होतो, ०.६७ म्हणजे ६७ टक्के शक्यता नाही. 'गंभीर' हा शब्द त्या इजेला किती लागू पडतो एवढंच ते सांगतं, अपघात होईल का याबद्दल ते काहीच सांगत नाही.

आता नियम. धोका कमी म्हणजे २०, मध्यम ५०, जास्त ८० धरा. क्वचित आणि मध्यम असेल तर धोका कमी. क्वचित आणि गंभीर असेल तर मध्यम. कधीतरी आणि मध्यम, तर मध्यम. कधीतरी आणि गंभीर, तर जास्त. प्रत्येक नियमाचं वजन म्हणजे त्याच्या दोन प्रमाणांतलं जे लहान असेल ते, म्हणजे पहिले तीन नियम ०.३३ आणि चौथा ०.६७. वजनानं सरासरी काढली की उत्तर येतं ५६. एक्सेलमधे मिन आणि समप्रॉडक्ट ही फंक्शनं येत असतील तर एवढं अर्ध्या तासात होतं. ही सुगेनो धाटणीची सोपी रीत झाली, मामदानीच्या मूळ रीतीत उत्तराचेही त्रिकोण असतात आणि त्यांच्या आकाराचा मध्यबिंदू काढतात, ते हवं असेल तर पायथनमधे स्कायकिट-फझी नावाची लायब्ररी फुकट मिळते. तुमच्या कामाला फरक पडत नाही.

हाताची संख्या ४ वरून ४.५ केली तर ५६ चे ६१ होतात, ५ केली तर ७०. उडी नाही, चढ आहे. ५ बाय ५ मधे कोणी ३ चा ४ केला की धोका पिवळ्यातून एकदम लाल होतो आणि म्हणूनच कोणी ३ चा ४ करत नाही, लाल झालं की पुढच्या मीटिंगला उभं राहावं लागतं. चढ असला की माणसं खरं सांगायला कमी घाबरतात, हे मी प्रत्यक्ष बघितलंय आणि मला वाटतं या पद्धतीचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

दुसरा फायदा नियमांवर बसल्यावर होतो. वरचा दुसरा नियम बघा, क्वचित पण गंभीर, तर धोका मध्यम. हा नियम मी बोर्डवर लिहिल्यावर तेच टूलरूमचे काका म्हणाले हे मला मान्य नाही, वर्षातून एकदा जरी हात गेला आणि त्याच वेळी स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, आली तर बोट वर्षातून एकदा थोडंच जातं, ते कायमचं जातं. अर्धा तास वाद झाला, शेवटी नियम बदलून 'जास्त' केला. त्याच प्रेसचा आकडा ५६ वरून ६२ झाला. ते ६ वाढले कशामुळं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहिती होतं. माझ्यासाठी तो वाद हेच रिस्क असेसमेंट होतं, आकडा त्यातून शेवटी पडलेली गोष्ट आहे. तुमच्या शॉपमधे हे नियम वेगळे निघतील आणि निघायलाच हवेत, माझे उचलून लावू नका, कोणाच्या थीसिसमधले तर अजिबात नको.

आता जिथं ही पद्धत फसवते ते सांगतो, हे नीट वाचा.

सरासरीत मृत्यू बुडतो. वरच्याच मूळ नियमांनी टाकी साफ करायला आत उतरण्याचं काम बघा, महिन्यातून एकदा उतरतात म्हणून 'क्वचित' पूर्ण १, गंभीरता ९ म्हणून 'गंभीर' पूर्ण १, उत्तर आलं ५०. म्हणजे जिथं गॅसनं माणूस मरू शकतो ते काम बोटाच्या धोक्यापेक्षा खाली गेलं. म्हणून माझ्याकडं पक्का दंडक आहे की ज्यात जीव जाऊ शकतो अशी कामं, टाकीत उतरणं, उंचीवरचं काम, चालू लाईनवरचं इलेक्ट्रिकल काम, ती या गणितात घालायचीच नाहीत, त्यांची यादी वेगळी, त्यांना परमिट, गॅस टेस्ट, बाहेर उभा राहणारा माणूस हे सगळं आकडा न बघता. तसंच कायद्याचं. यंत्राच्या धोकादायक भागाला गार्ड १९४८ च्या कारखाने अधिनियमानं कलम २१ मधेच बंधनकारक केला, तो लावायचा की नाही हे ५६ आणि ६२ वरून ठरत नाही. आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल, ९१ आला तर ती ओलांडलीच, तिथं प्रमाण काढत बसायचं नाही. हां, मर्यादेच्या आत राहून ८९ आलाय त्याकडं ७५ सारखं बघू नका हे सांगायला फझी छान आहे.

दुसरी फसवणूक इनपुटची, म्हणजे गणितात आपण जे घालतो त्याची. त्याच कंपनीत अपघातानंतर प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की थांबायचा सिग्नल देणारा प्रकाशाचा पडदा, बसवला आणि मी मोठ्या समाधानानं तिसरा इनपुट 'गार्डची अवस्था' असा घालून त्याला ९ मार्क दिले, धोका झटकन खाली आला. मेंटेनन्सचा फिटर शीट बघून म्हणाला, "सर, ह्या प्रेसला की-क्लच आहे. एकदा की लागली की फेरी पूर्ण झाल्याशिवाय स्लाइड थांबतच नाही, पडदा कापला तरी ती खाली येणारच." बरोबर होतं त्याचं. लाइट कर्टन चालतो तो न्यूमॅटिक क्लच-ब्रेकच्या प्रेसला, जी मधेच थांबवता येते, आणि तिथंही अंतर मोजावं लागतं, स्लाइड थांबायला ०.४ सेकंद लागत असतील आणि हाताचा वेग मानकाप्रमाणं सेकंदाला १६०० मिलिमीटर धरला तर तेवढ्यात हात ६४० मिलिमीटर आत जातो, म्हणजे पडदा निदान त्याहून लांब हवा. की-क्लचच्या प्रेसला हात आत जाऊच न देणारा पक्का गार्ड लागतो. माझ्या गणितात काही चूक नव्हती, त्रिकोण बरोबर, नियम बरोबर, सरासरी बरोबर, आणि उत्तर धोकादायक रीतीनं चुकीचं. तो फिटर त्या दिवशी तिथं नसता तर ती शीट ऑडिटमधे पास झाली असती.

म्हणून इनपुट कमी ठेवा आणि प्रत्येक इनपुट कशावरून मोजणार ते लिहा. तीन इनपुट आणि प्रत्येकी तीन शब्द घेतले तर २७ नियम होतात, दोन बैठकांत वाचून संपतात. पाच शब्द घेतले तर १२५ आणि चौथा इनपुट आला तर ६२५. इतके नियम कोणी वाचत नाही, कोणीतरी एकटा बसून भरतो आणि मग आपण परत कॅबिनमधे आलो. 'ऑपरेटरचा अनुभव' हा इनपुट पुष्कळ जण घालतात, मी काढून टाकला. अनुभव जास्त म्हणून धोका कमी असा नियम लिहिला की उघड्या डायचा आकडा माणसाच्या सर्व्हिसमुळं खाली येतो आणि गार्डचा खर्च पुढं ढकलला जातो. वीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसांचीही बोटं गेलेली मी बघितलीत.

आणि ताळा करा. मामदानींच्या इंजिनाला दाबाचा काटा होता, नियम चुकला तर लगेच दिसायचं. १९८७ मधे जपानमधे सेंदाईची मेट्रो फझी कंट्रोलवर सुरू झाली, तिथंही गाडी स्टेशनवर नीट थांबली की नाही ते दर फेरीला कळतं. आपल्याकडं चुकलेला नियम कळायला वर्षं लागू शकतात आणि कळतो तो कोणाच्या तरी हातावर. त्यामुळं मी असं करतो की आकडे काढायच्या आधी जुन्या ऑपरेटरला आणि फिटरला शॉपमधली दहा कामं चिठ्ठ्यांवर लिहून देतो आणि सगळ्यात भीती वाटणारं वर, असा क्रम लावायला सांगतो. मग फझीचा क्रम शेजारी ठेवायचा. जिथं दोन-तीन जागांचा फरक असेल तिथं त्या मशीनपाशी जाऊन उभं राहायचं. निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर खरं भरत असतील तर त्याचाही ताळा घ्या, पण रजिस्टर कोरं आहे म्हणून धोका नाही असं धरू नका, तुमच्याकडं निअर मिस लिहिणाऱ्याला ओरडा बसतो का ते आधी बघा.

तुमच्या ८४ ओळींचं असं करा. जिवाशी खेळ असलेल्या ओळी आधी बाजूला काढा, कायद्यानं बंधनकारक असलेल्याही काढा आणि त्यांची कामं तारखा टाकून सुरू करा, त्यांना कुठल्याच गणिताची वाट बघायची गरज नाही. उरलेल्यातल्या १२ वाल्या ओळी घ्या आणि फक्त प्रेसच्या कामांपासून सुरुवात करा, सगळा प्लँट एकदम नको. मॅनेजरना दाखवताना आकडा आधी दाखवू नका, नियमांचा कागद दाखवा आणि त्यांना यातला कुठला नियम पटत नाही ते विचारा. आकड्यावर मॅनेजमेंट घासाघीस करते, ५६ चा ४९ होतो का विचारते, नियमावर मात्र 'सारखा हात जातो आणि बोट जाऊ शकतं, तरी धोका मध्यम' असं कोणाला तोंडानं म्हणवत नाही.

बैठक शिफ्ट सुटायच्या वेळेला ठेवू नका, कंपनीची बस चुकेल म्हणून लोक कशालाही हो म्हणतात. शिफ्टच्या पहिल्या तासात ठेवा, कॉन्फरन्स रूममधे न ठेवता लाईनवरच, प्रेस लॉक करून आणि स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक लावून, म्हणजे डायकडं बोट दाखवून बोलता येतं. ठेकेदाराच्या हेल्परला नक्की बोलवा आणि त्याच्या ठेकेदाराला त्या वेळी बोलवू नका. पहिल्या दहा मिनिटांत हेल्पर काही बोलणार नाही. त्याला पीस कसा चिकटतो ते हातानं दाखवायला सांगा, मग बोलेल.